डावी मूठ

“उभं राहताना कुणी हरतं का, वस्ताद?”

दस्तगीर वस्ताद कुस्तीच्या हौद्यातली माती उकरत होते. त्यांनी मान वर केली नाही. खोरं उचललं, मातीत घातलं, ढेकूळ पालथं केलं, खोऱ्याच्या पाठीनं फोडलं. पुन्हा उचललं.

कृत्तिका दारात उभी होती. तालमीचं दार मुद्दाम ठेंगणं ठेवलेलं असतं, आत येणाऱ्याला वाकावं लागतं. ती वाकली नव्हती. म्हणून बाहेरच होती.

“सांगलीच्या स्पर्धेत तुम्हीच म्हणालात. मी हरून मॅटवरून उतरले, पाणी पीत होते, आणि तुम्ही जवळ येऊन म्हणालात, ‘पोरी, तू उभी ऱ्हायलीस तवाच हरलीस.’ आणि चालते झालात. नाव नाही, गाव नाही. आठ दिवस शोधतेय मी तुम्हाला.”

“घावलो न्हवं?”

“उत्तर द्या.”

“आत ये.”

“बायकांना हौद्यात येऊ देत नाहीत तुमच्यात. ते आधी स्पष्ट करा.”

“देत न्हवतो.”

“आणि आता?”

वस्तादांनी पहिल्यांदा मान वर केली आणि तालमीत चहूकडं बघितलं. दगडी भिंतीत ओळीनं चाळीस लाकडी खुंट्या होत्या. एकेका पैलवानाची एकेक, लंगोट वाळत घालायला. एकोणचाळीस रिकाम्या होत्या. कोपऱ्यातल्या एकीवर एक लंगोट होता, धुऊन धुऊन रंग गेलेला.

“आता अडवायला कोण हाय?”

कृत्तिका वाकली आणि आत आली.

आत गार होतं. छताच्या झरोक्यातून उन्हाचा एक चौकोन लाल मातीवर पडला होता. मातीला ताकाचा आणि हळदीचा वास होता. म्हणजे अजून कुणीतरी तिला ताक, तेल, हळद पाजत होतं. कुणासाठी, ते दिसत नव्हतं.

“किती पोरं येतात?”

“एक बी न्हाई.”

“मग उकरता कशाला?”

वस्तादांनी खोरं मातीत घातलं.

…

कृत्तिकाला असल्या गप्प बसण्याचा मनापासून राग यायचा. मोठी माणसं गप्प बसली की लोक त्याला शहाणपण म्हणतात. ती गप्प बसली की म्हणतात, फुगलीय.

सत्तावन्न किलो वजनात राज्याच्या संघासाठी एकच जागा होती. निवड दहा दिवसांवर आली होती. त्या जागेच्या आड मोनाली खरात उभी होती. मोनालीनं तिला तीनदा हरवलं होतं आणि तिन्ही वेळा शेवटच्या मिनिटात. पहिली तीन मिनिटं कृत्तिकाची. मधे अर्धं मिनिट विश्रांती. पुढच्या तीनातली दोनसुद्धा तिचीच. मग मांड्यांत शिसं ओतल्यासारखं व्हायचं, आणि मोनाली येऊन पाय उचलून न्यायची. एखादी वस्तू उचलून न्यावी तशी.

यंदा कॉलेज संपत होतं. कॉलेज संपलं की वसतिगृह संपणार, मॅट संपणार, सरावाला जोडीदार संपणार. गावात मुलींची कुस्ती नव्हतीच. ही निवड हुकली तर पुढचं सगळं तिला दिसत होतं. त्यात कुस्ती कुठंच नव्हती.

“माझा रिपोर्ट आहे,” ती म्हणाली. “कॉलेजच्या संशोधनासाठी माझ्या मांडीतला तांदळाच्या दाण्याएवढा स्नायू काढून तपासला. अडुसष्ट टक्के जलद तंतू. अडुसष्ट! आमच्या वर्गात कुणाचे नाहीत एवढे. माझ्याकडे जे आहे ते मोनालीकडे नाही. तरी मी हरते.”

“तंतू म्हंजे?”

“तुम्हाला कळणार नाही.”

“मंग माझ्याकडं आलीस कशाला? शेळी बघाय?”

बाहेर खरंच एक शेळी ओरडत होती. कृत्तिकाला हसू आलं, ते तिनं गिळलं. ती मातीच्या कडेला उकिडवी बसली आणि बोटानं मातीत तीन रेघा ओढल्या.

“स्नायू म्हणजे एकच दोरखंड नसतो. बारीक तंतूंचा जुडगा असतो. हा पहिला, संथ. लालसर. ताकद कमी, पण दमत नाही. दिवसभर उभं राहणं, चालणं याचं काम. हा दुसरा, जलद. फिकट. झटक्यात सगळी ताकद देतो, आणि काही क्षणांत संपतो. पट काढायचा, उचलून मारायचं, ते याचं काम. हा तिसरा, मधला. वेगवानच, पण जसा घडवाल तसा घडतो.”

“घडवायचं कसं?”

“संथाला हलकं ओझं, खूप वेळ. जलदाला भारी ओझं, थोडक्यात, पुऱ्या जोरानं, आणि मधे भरपूर विश्रांती. मधल्याला पुन्हा पुन्हा, कमी विश्रांतीनं.” ती वर बघून म्हणाली, “तुमच्यासारखं नाही. तुम्ही लोकांनी सगळ्यांना एकच औषध दिलं. हजार बैठका. हजार बैठकांनी फक्त संथ तंतू पोसतात. उरलेले तेच बघून बघून आळसावतात.”

वस्तादांनी तिन्ही रेघा नीट बघितल्या. खोरं भिंतीला लावून ठेवलं. मग उजव्या हाताची तीन बोटं वर केली.

“आमच्याकडं बी तीनच होते.”

“काय तीन?”

“गडी. ह्या तालमीत चाळीस गडी झोपायचे. तेच्यात काही पाणी भरणारे. लई थोराड. नदीवरनं दिसभर घागरी आणतील, धाप न्हाई लागायची. काही जोडीला खेळणारे. त्यास्नी जसं खेळवावं तसं ते व्हायचे. आन एक-दोन मैदानी. जत्रंच्या मैदानात एकदाच उठायचं आन समोरच्याला आभाळ दावायचं.” वस्तादांनी हात खाली घेतला. “मैदानी गड्याला म्या कधी घागर उचलू दिली न्हाई. पाणी कोण भरतंय हे तालमीत आधी बघायचं असतं.”

“बरोबर,” कृत्तिका नाइलाजानं म्हणाली. “शरीरही तेच करतं. काम हलकं असलं की आधी संथ तंतू उठतात. काम वाढलं किंवा संथ दमले, तरच जलद उठतात.”

“असं?”

“असंच. पुस्तकात आहे.”

“मंग तुझं मैदानी गडी का आधीच उठल्यात?”

…

कृत्तिका मातीतल्या तीन रेघांकडं बघायला लागली.

वस्तादांनी कोपऱ्यातली निरगुडीची छडी घेतली. “चपला काढ. मधी जा. पवित्रा घे.”

“समोर कोण?”

“कुणी न्हाई.”

ती हौद्याच्या मधोमध गेली. माती लोण्यासारखी मऊ होती, पाय घोट्यापर्यंत रुतले. तिनं गुडघे वाकवले, पाठ झुकवली, हात पुढं धरले. समोर दगडी भिंत आणि चाळीस खुंट्या.

छडीचं टोक येऊन तिच्या गालापाशी थांबलं.

“जबडा. ह्यो कशाला जागा?”

“कुस्तीत दात आवळलेलेच असतात, वस्ताद.”

“कुणाला चावायचं हाय?”

तिनं जबडा सोडला. छडी खांद्याकडं गेली.

“ह्यो?”

खांदा खाली आला.

“पोट? … ही बोटं? … आन हे मांडीचं, ह्याला तर तू पार फोडाय आणलंयस. नुसतं उभं ऱ्हायला एवढं?” छडी पोटरीवर टेकली. “हिला ऱ्हाऊ दे. बाकीच्यास्नी घरी पाठव.”

“पाठवले.”

“जबडा परत आला.”

खरंच आला होता. तिला कळलंही नव्हतं.

“उभी ऱ्हा. मी शेळीचं बघून येतो.”

“किती वेळ?”

वस्ताद ठेंगण्या दारातून वाकून निघून गेले.

…

उन्हाचा चौकोन तिच्या डाव्या पायापासून हातभर लांब होता.

पहिल्यांदा तिला हे सगळं बावळटपणाचं वाटलं. मग पोटऱ्या दुखायला लागल्या. मग दुखायच्या थांबल्या. बाहेर शेळी ओरडली, बादली वाजली, आणि मग काहीच वाजलं नाही. एवढी शांतता तिला सवयीची नव्हती. कॉलेजच्या जिममध्ये सतत गाणी लावलेली असायची, आणि ती नसली की तिच्या डोक्यात भांडणं चालू असायची. काकांशी, कुस्तीच्या सरांशी, तिचं वजन विचारून हसणाऱ्या कॉलेजच्या क्लार्कशी.

समोर कुणी नव्हतं. जबडा पुन्हा आवळला.

तिनं तो सोडला. पुन्हा आवळला.

मग तिला तो दिवस आठवला. ती बारा वर्षांची होती. शाळेतून कुस्तीला निवडलेली एकटीच मुलगी, गुडघ्यापर्यंतची चड्डी घालून मैदानाकडं निघालेली. देवळाच्या पारावर म्हातारे बसले होते. कुणी काही बोललं नव्हतं. नुसते सगळे एकदम बोलायचे थांबले होते. पारापासून मैदानापर्यंत ती दात आवळून चालत गेली. सोबत कुणी नव्हतं. त्यानंतरही सोबत कुणी नव्हतं. तो जबडा तिनं पुन्हा सोडलाच नसावा. दहा वर्षं तिला तो आपल्या चेहऱ्याचा आकारच वाटत होता.

उन्हाचा चौकोन तिच्या पायावर आला होता. ऊब कळली.

तेवढ्यात एक क्षण असा आला, की सगळं सुटलं. जबडा, खांदे, मांड्या. नुसत्या पोटऱ्या आणि पाठीचा कणा. ती उभी होती आणि उभं राहायला काहीच लागत नव्हतं.

आणि तिला भयंकर भीती वाटली. कुणीतरी धरलेलं बोट गर्दीत सुटावं तशी.

वस्ताद आत आले तेव्हा ती पुन्हा दगड झाली होती.

“तुमचं हे असंच असतं!” ती ओरडली. “सांगायचं काहीच नाही. उभं करायचं आणि शेळीकडं जायचं! मी दहा दिवसांसाठी आलेय, दहा वर्षांसाठी नाही. दहा दिवसांत तंतू बदलत नाहीत. महिने लागतात, हे तरी माहीत आहे का?”

“न्हाई बदलत?”

“नाहीत.”

“मंग धा दिसांत बदलायचं काय?”

…

तिला उत्तर माहीत होतं. म्हणून ती जास्तच चिडली. कोण दमणार ते दहा दिवसांत बदलत नाही. कोण उठणार, ते बदलता येतं. हे तिच्याच पुस्तकात होतं, तिनंच परीक्षेत लिहिलं होतं, आणि ते एका शेळीवाल्या म्हाताऱ्यानं तिला छडीनं दाखवावं!

रागानं ती त्यांच्याकडं बघत राहिली. आणि बघता बघता तिला दिसलं.

म्हातारा कसा उभा होता ते. शहात्तर वर्षांचं शरीर, पण एखादा सदरा खुंटीला सहज अडकवावा तसं. मान सैल, खांदे सैल, जबडा तर जवळजवळ उघडाच. आणि डाव्या हाताची मूठ घट्ट. नखं तळव्यात गेलेली. खोरं चालवताना डावा हात नुसता वरून टेकवलेला होता, मुठीसकट. रेघा बघतानाही मूठ मिटलेलीच होती. तीन बोटं दाखवली तीही उजव्याची.

कृत्तिका हौद्यातून बाहेर आली. तिनं त्यांच्या हातातली छडी काढून घेतली. तिचं टोक त्यांच्या डाव्या मुठीवर टेकवलं.

“ही कशाला जागी, वस्ताद?”

शेळी ओरडली. वस्तादांनी मुठीकडं बघितलं. जणू दुसऱ्याच कुणाची होती.

“कुणाला मारायचं आहे?” तिनं त्यांच्याच सुरात विचारलं.

…

“मारायचं न्हाई,” ते म्हणाले.

त्यांची नजर कोपऱ्यातल्या खुंटीवर गेली होती.

“कुणाचा आहे तो लंगोट?”

“अयूबचा.”

“मुलगा?”

“मुलगा असता तर येवढी माया केली नसती. शागीर्द. मैदानी गडी. ह्या मातीत तसला दुसरा झाला न्हाई.” ते खाली बसले. पहिल्यांदाच म्हाताऱ्यासारखे बसले, एक हात जमिनीला टेकून. “चैती मैदानातली मोठी कुस्ती ठरली. समोर पंजाबचा गडी. माझ्याच मनात भ्या शिरलं. पोरगं कमी पडंल. म्हनलं, तीन हजार बैठका. रोज. आदल्या दिशी बी. त्यो म्हनला, वस्ताद, पाय उठत न्हाईत. मी म्हनलं, हूं, मार.”

“आदल्या दिवशीसुद्धा?”

“व्हय.”

“म्हणजे मैदानी गड्याकडून तुम्ही पाणी भरून घेतलंत!”

“व्हय.”

“विश्रांतीच नाही! दोन दिवस आधी पूर्ण थांबवायचं असतं. त्याशिवाय जलद तंतू भरून येत नाहीत. हे साधं…” ती बोलता बोलता थांबली. मग हलक्या आवाजात म्हणाली, “काय झालं मैदानात?”

“उठलाच न्हाई. समोरच्यानं नुसता हात लावला. वीस हजार माणूस हसलं. मी गेलो तेला उठवाय, तर मला म्हनला…” वस्तादांनी ते वाक्य पुरं केलं नाही. “तवा मी हात उगारला. मारला न्हाई. मूठ वळली ती हितंच थांबली. त्यो उठला, चालत गेला. लंगोट बी न्यायला आला न्हाई. एकोणीस वर्सं झाली.”

“कुठं असतो?”

“भिवंडीकडं. गाडी चालवतो म्हंत्यात.”

“तुम्ही चुकलात हे त्याला सांगितलंत?”

“न्हाई.”

“का?”

“वस्तादानं कसं सांगायचं?”

“तोंडानं!”

वस्तादांनी तिच्याकडं बघितलं. रागानं नाही. खूप दिवसांनी कुणीतरी अंगावर ओरडलं म्हणून बघावं तसं.

“येवढं तवा कुणी सांगितलं असतं…”

“सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?”

…

“न्हाई,” ते म्हणाले.

कृत्तिकानं छडी भिंतीला लावून ठेवली. मोठ्या माणसाच्या तोंडून असलं ‘नाही’ तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. ती पुन्हा हौद्यात गेली आणि पवित्रा घेतला.

“जबडा,” वस्ताद खालूनच म्हणाले.

“मूठ,” ती म्हणाली.

ती रोज पहिल्या एसटीनं येत राहिली.

सकाळी ती वस्तादांबरोबर माती उकरायची. मग सरावाचं तिचं शास्त्र: भारी ओझं खांद्यावर, तीनच बैठका, पुऱ्या जोरानं, आणि मग तीन मिनिटं बसणं.

“बसायचं?” वस्ताद पहिल्या दिवशी म्हणाले होते. “तालमीत?”

“बसायचं. तुम्हीही बसा.”

दोघं हौद्याच्या दोन कडांना बसायचे. तीन मिनिटं फार लांब असतात, हे तिला तिथं कळलं. कधी वस्ताद शेळीचं काही सांगायचे. ती दूध कमी देते, पण उठवल्याशिवाय उठत नाही, हा तिचा गुण. कधी काहीच नाही.

मग त्यांचं शास्त्र: समोर कुणी नसताना उभं राहणं. छडी फिरायची. “ह्यो कशाला? … हिला ऱ्हाऊ दे. … पाणी कोण भरतंय?” पाचव्या दिवशी छडी एकदाच उठली. सहाव्या दिवशी ती पाऊण तास उभी राहिली, छडी उठली नाही, आणि बाहेर येऊन ती विनाकारण रडली. वस्तादांनी तिच्यापुढं ताकाचा तांब्या ठेवला.

आठव्या दिवशी तिनं कागदावर एक नंबर लिहून त्यांच्यापुढं धरला.

“अयूबचा. भिवंडीतल्या गाडीवाल्यांच्या संघटनेत फोन करून मिळवला. दोन दिवस लागले.”

“म्या सांगितलं हुतं?”

“नाही. पण तुम्हीही मला सांगलीत न विचारताच बोलला होतात.”

वस्तादांनी कागद उजव्या हातात घेतला. तो उलटा धरला आहे हे त्यांना बराच वेळ समजलं नाही.

“उद्या आणि परवा मी येणार नाही,” ती म्हणाली. “पूर्ण विश्रांती. मग थेट मैदान. तुम्ही येणार ना बघायला?”

त्यांनी कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

निवडीच्या दिवशी शेवटचं मिनिट आलं, तेव्हा गुण सारखे होते.

मोनाली पुढं सरकली, तशीच, सावकाश, वस्तू उचलायला आल्यासारखी. कृत्तिकाचे खांदे सैल होते. मान सैल होती. जबडा इतका सुटलेला, की कोपऱ्यातून तिचे सर ओरडले, “कृत्तिका, जागी हो! संपलीस का?”

ती जागी होती. फक्त पोटऱ्यांत. बाकी सगळी तालीम झोपली होती.

चाळीस सेकंद. तीस. मोनालीनं हात टाकला. कृत्तिकानं तो जाऊ दिला. मोनालीनं पुन्हा हात टाकला आणि वजन पुढच्या पायावर दिलं, एक बोटभर जास्त.

तेव्हा कृत्तिकानं बोलावलं. सगळ्यांना, एकदम.

मोनालीचे पाय ओढून तिनं पट एवढ्या झटक्यात काढला, की मोनाली खाली पडल्यावर आधी तिच्याकडं नाही, पंचांकडं बघायला लागली.

शिट्टी वाजली. पंचांनी कृत्तिकाचा हात वर केला. तिनं प्रेक्षकांत वस्तादांना शोधलं. निळ्या खुर्च्यांच्या ओळी होत्या, त्यांत मोनालीच्या घरचे होते, सरांचे मित्र होते. वस्ताद नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती तालमीत गेली. दारात वाकली आणि आत आली.

हौदा उकरलेला होता. वस्ताद मधोमध उभे होते, खोऱ्याशिवाय. पाठ दाराकडं.

“जिंकले, वस्ताद.”

“व्हय. पेपरात हाय.”

“आला नाहीत.”

“न्हाई.”

“शेवटच्या मिनिटाला पाय माझे होते. बोलावले तेव्हा आले. सगळेच्या सगळे.”

“हूं.”

ती कडेला बसली. चपला काढल्या. जे सांगायला ती सकाळपासून दोन एसट्या बदलून आली होती, ते अजून राहिलंच होतं.

“पण हात वर केला ना माझा, तेव्हा मी आत राग शोधला. नेहमी असतो. जिंकले तरी असतो, हरले तरी असतो. तो नव्हता. येताना सगळ्या वाटेत शोधला. मला वाटलं होतं तो गेला की बरं वाटेल…” तिनं बोटानं मातीत एक रेघ ओढली, पुसली. “आत कुणीच नाही आता. मी एवढी एकटी कधीच नव्हते, वस्ताद.”

वस्ताद तिच्याकडं वळले.

त्यांचा डावा हात उघडा होता. बोटं पुरती सरळ होत नव्हती. एकोणीस वर्षं मिटलेली, ती अर्धवट वाकडी, हवेत कशीतरीच लोंबत होती. तळव्यावर नखांच्या चार जुन्या खुणा होत्या.

“फोन केलात?” ती उठून उभी राहिली.

“परवा.”

“उचलला त्यानं?”

“उचलला.”

“काय म्हणाला?”

“म्हनला, कोण बोलतंय?”

…

“मग?”

“नाव सांगितलं.”

“मग?”

“चुकलो म्हनलं. तोंडानं.”

“मग, वस्ताद?”

“गाडीचा आवाज येत हुता. लई वेळ येत हुता. मंग फोनच बंद झाला.”

झरोक्यातला चौकोन दोघांच्या मधे पडला होता. बाहेर शेळीसुद्धा गप्प होती.

कृत्तिकानं त्यांच्या उघड्या हाताकडं बघितलं. मग स्वतःच्या दोन्ही हातांकडं. तेही उघडे होते, आणि त्यांचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं.

“आता काय करायचं असतं, वस्ताद?” तिनं विचारलं. “सगळं सुटल्यावर?”

वस्ताद खाली वाकले. त्या वाकड्या डाव्या हातानं त्यांनी चिमूटभर लाल माती उचलली. निम्मी सांडली. उरलेली त्यांनी तिच्या तळव्यावर ठेवली, कुस्तीआधी समोरच्या गड्याला देतात तशी. मग दोन पावलं मागं सरकले, गुडघे वाकवले, आणि दोन्ही हात पुढं करून तिच्यासमोर उभे राहिले.

“मला बी म्हाईत न्हाई, पोरी… ये. माती लाव.”